एकांत आणि ‘हल्ली मुक्काम’

गेल्या महिन्यात एका वाचकबंधूंचे पत्र आले. नाव छापीत नाही, कारण तशी त्यांची इच्छा आहे. गृहस्थ मूळचे माढे तालुक्यातले. पिंपरीस कारखान्यात तीस वर्षे नोकरी केली, आता निवृत्त आहेत. ते लिहितात : “बुवा, आमच्याच्याने माणसांत बसवत नाही. सप्ताहाला जातो, पण मागं खांबाला टेकून बसतो आणि पंगत मांडायच्या आत निघतो. वारीची पालखी आकुर्डीला येते तेव्हा रस्त्याच्या कडेला पाणी देत उभा राहतो. आत शिरत नाही. एकटं असलं म्हणजेच बरं वाटतं. मग आम्ही वारकरी कसले? दुसरं असं की पत्रावर अजून ‘हल्ली मुक्काम पिंपरी’ लिहितो. गावाकडं आम्हाला पिंपरीवाले म्हणतात, पिंपरीत सोलापूरवाले. हे ‘हल्ली’ किती वर्षं लिहायचं?”

पत्र आम्ही चार वेळा वाचले. वरवर पाहता प्रश्न दोन आहेत, पण ते दोन नसून एकच असावा असे आम्हांस वाटू लागले. माणूस एकटा बसू इच्छितो तो कोठे, आणि तो कोठला म्हणवून घेतो, या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. म्हणून या महिन्याचा पाठ याच विषयावर घेतला आहे.

प्रथम एकांताची आवड हा दोष आहे काय ते पाहू. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत एकांतस्थळी राहण्याची आवड आणि लोकांच्या घोळक्याविषयी नावड ही लक्षणे स्पष्ट मोजली आहेत. माउलींनी त्यावर भाष्य करताना नदीकाठ, तपोवने, डोंगरातल्या कपारी यांची ओढ असलेला आणि नगरात यायला नाखूश असलेला मनुष्य उभा केला आहे. त्याला ते मनुष्यरूपातले ज्ञानच समजतात. सहाव्या अध्यायात तर साधकाने कोठे बसावे त्या जागेचे वर्णन इतके मन लावून केले आहे की शृंगारात रमलेल्या माणसालाही ती जागा पाहताक्षणी राज्य सोडून तेथेच राहावेसे वाटावे. गार सावली, जवळ पाणी, लोकांची वर्दळ नाही, पाखरे आहेत पण त्यांचा कलकलाट नाही. म्हणजे जागा माणसाला घडवते हे माउलींना पक्के ठाऊक होते. वैराग्य नुसते मनातून येत नाही, कधी कधी ते पायांखालच्या जमिनीतूनही वर चढते.

परंतु हे सांगितले कोठे? नेवाशात, प्रवरेच्या काठी, शके १२१२ म्हणजे सन १२९० मध्ये, समोर श्रोते बसलेले असताना. ज्या खांबाला टेकून माउलींनी ग्रंथ सांगितला असे परंपरा मानते, तो पैस खांब आजही तेथे आहे. एकांताची थोरवी सभेत बसून सांगितली गेली, ही गोष्ट आम्हांला विचार करायला लावते. (आमचे बंधूही खांबालाच टेकतात, हा योगायोग त्यांनी लक्षात घ्यावा!)

आता तुकोबांकडे येऊ, कारण आपल्या संप्रदायात एकांत म्हटला की प्रथम त्यांचेच नाव ओठांवर येते. देहूच्या भोवती तीन डोंगर त्यांच्या एकांताशी जोडलेले आहेत. भामचंद्र चाकणच्या बाजूला, बराच लांब. भंडारा देहूपासून दोन-एक कोसांवर. तिसरा घोरावडेश्वर, पुणे-मुंबई रस्त्यालगत, शेलारवाडीजवळ. या तिसऱ्या डोंगरातली लेणी तुकोबांच्या कितीतरी शतके आधी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. गावोगाव हिंडणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी राहावे असा त्यांचा नियम होता. एकांताला जागा निवडताना माणसे धर्म कोणताही असो, डोंगर मात्र तेच निवडतात, असे दिसते.

तुकोबा डोंगरावर का गेले? पुष्कळांची समजूत अशी की ते स्वभावाने उदास होते म्हणून गेले. हे आम्हांला पटत नाही. ते मोऱ्यांच्या घरातले. दुकान, महाजनकी आणि सावकारी असलेले घर. घरात विठ्ठलाची पूजा आठव्या पिढीपासून. गावात मान होता. सन १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला आणि त्यात पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. ज्या गावात आपण महाजन, त्याच गावात तोंड दाखवायची लाज वाटू लागली. हे त्यांनी स्वतःच एका आत्मचरित्रपर अभंगात सांगितले आहे. म्हणजे गावाने दिलेली ओळख एका दुष्काळात फाटली, आणि नवी ओळख गावात बसून शिवता येईना. डोंगराकडे जाण्याचे कारण हे.

भामचंद्रावरून परतल्यावर त्यांनी केले काय? धाकट्या भावाने, कान्होबाने, त्यांना शोधून काढले. मग कर्जखतांची वाटणी झाली. कान्होबाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले, असे चरित्रकार सांगतात. नंतर पडझड झालेले देऊळ दुरुस्त केले. आता पाहा, डोंगरावरून उतरून पहिले काम गावातलेच!

पुढे भंडाऱ्यावर जाणे-येणे सुरू झाले. तेथे त्यांनी संतांची वचने पाठ केली. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, कबीर यांच्या वचनांचा तो अभ्यास. यातली खोच लक्षात यावी. डोंगरावर माणूस नव्हते, पण तुकोबा एकटे नव्हते. चार शतकांची माणसे त्यांच्या तोंडी होती. झाडेझुडपे व रानातली जनावरे हीच आपली नात्यागोत्याची माणसे, असे ते सांगतात. नाती टाकून आलेला माणूस तेथेही नातीच जोडतो! आणि गावही त्यांच्या बोलण्यातून जात नाही. त्यांच्या अभंगांत माप, भांडवल, खरे-खोटे नाणे, देणे-घेणे हे दुकानातले शब्द किती आहेत ते गाथा उघडून पाहावे. दुकान बुडाले, खते नदीत गेली, पण वाण्याची वाणी तशीच राहिली. जेथे आपण वाढलो ती जागा जिभेवर राहते. ती डोंगराला धुता येत नाही, आणि धुवावी तरी कशाला?

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भंडाऱ्यावर भाकर कोण नेत होते? जिजाबाई. घरातले आवरून, मुलांचे पाहून, उन्हाचे दोन कोस चालत जायचे, नवरा डोंगरावर कोठे बसला आहे ते शोधायचे आणि त्याच्यापुढे भाकर ठेवायची. तिच्या पायात काटा मोडला व तो प्रत्यक्ष विठ्ठलाने काढला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि देवाच्या दयेला हात जोडतो. पण काटा मोडलेला पाय क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. कीर्तनकार तिला कजाग म्हणून हसवतात ते आम्हांला कधी रुचले नाही. एकाच्या एकांताचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर असते, एवढे तरी निदान मान्य करावे.

आम्ही काही वर्षांपूर्वी दर गुरुवारी भंडाऱ्यावर जाऊन बसत असू. फार बरे वाटे. एके दिवशी घरी आल्यावर मंडळी म्हणाल्या, “अहो, डोंगरावर तुम्हाला देव भेटतो ते बरंच आहे. पण नळाला पाणी येतं त्या वेळेला तुम्ही कुणालाच भेटत नाही!” आम्ही गप्प बसलो. गुरुवार सोडला नाही, पण पाणी भरून जाऊ लागलो.

बायकांच्या एकांताचे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात आहे. जनाबाई गंगाखेडच्या, राहिल्या पंढरीस नामदेवांच्या घरी. चौदा माणसांच्या घरात त्यांना डोंगर कोठून मिळणार? त्यांचा एकांत जात्यापाशी, सारे घर निजलेले असताना. आणि नाममुद्रा पाहावी तर तीत गंगाखेडही नाही, पंढरपूरही नाही. त्या नामदेवांची दासी म्हणून स्वतःची ओळख सांगतात. राहत्या घरावरून नाव.

यावरून पत्रातल्या दुसऱ्या भागाकडे वळता येते. आपल्या संप्रदायात संतांना गाव चिकटलेले असते : अरणचे सावतोबा, तेरचे गोरोबा, मंगळवेढ्याचे चोखोबा, पैठणचे नाथ. सावतोबांचे पाहा. त्यांनी मळा सोडला नाही; भाजीपाल्यातच त्यांना विठाई दिसली. देवच त्यांच्या भेटीला गेला अशी श्रद्धा आहे आणि म्हणून पंढरीहून पांडुरंगाची पालखी अरणला जाते. हा जागेला धरून राहण्याचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार नामदेवांचा. ते पंढरीचे, महाद्वारातल्या पायरीचे. पण पंजाबात घुमानला जाऊन विचारा, ते म्हणतील नामदेव आमचे! गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. दोन्ही गावे खरे बोलतात. घुमानला राहिल्याने नामदेवांची पंढरी कमी झाली नाही, आणि घुमानही त्यांचा ‘हल्ली मुक्काम’ राहिला नाही.

मुंबईच्या गिरणगावातही हेच घडले. घाटावरचे व कोकणातले लोक गावकऱ्यांच्या खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा राहत. पाळीप्रमाणे एकाच जागेवर एक उठे तेव्हा दुसरा निजे. तेथे एकांत हा शब्दच नव्हता. तरी त्याच चाळींत भजनी मंडळे उभी राहिली, आणि कित्येकांनी आम्हांला सांगितले आहे की पखवाज घुमू लागला, डोळे मिटले, की तेवढाच वेळ ते एकटे असत. सन १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्याही गेल्या. माणसे गावी परतली तर गावाने त्यांना मुंबईकर म्हटले. आमच्या बंधूंचे दुःख जुनेच आहे.

तेव्हा बंधूंना आमचे उत्तर असे. माणसांत बसवत नाही हा दोष नव्हे. माणसे नकोशी झाली असतील तर मात्र तपासून पाहावे. ज्या हाताने तुम्ही वारकऱ्याला तांब्या देता तो हात माणसे नकोशी झालेल्याचा नाही, असे आम्हांला वाटते. आणि तुकोबांच्या धाकट्या चिरंजीवांनी, नारायण महाराजांनी, सन १६८५ मध्ये जो पालखी सोहळा सुरू केला तो तुमच्या आकुर्डीवरून जातो. गावाकडे अरणला देव येतो, येथे तुकोबा तुमच्या दाराशी येतात. अशा गावाला ‘हल्ली’ म्हणणे आम्हांला तरी जड वाटते. पुढच्या आषाढात कोणी “कोण गाव, माउली?” असे विचारले तर दोन्ही नावे सांगा, विचारणाराही बहुधा दोन गावांचाच असेल.

भंडाऱ्यावर माघ शुद्ध दशमीला याल तर हजारो माणसे भेटतील. तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश झाला तो दिवस. तुमच्यासाठी तो नव्हे. आडवारी या, सकाळी लवकर. चाकणच्या बाजूला कारखाने दिसतील, त्यांचा त्रास मानू नका, तुम्ही त्यातलेच. आम्ही गुरुवारी तेथे असतो. बोललेच पाहिजे असे नाही. भाकर मात्र आपली आपण बांधून आणावी.