शोधनिबंध छापून येतो म्हणजे नेमकं काय होतं?

परीक्षा संपली की एम.ए.च्या वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'शोधनिबंध मागवीत आहोत. आंतरराष्ट्रीय, बहुभाषिक, पीअर-रिव्ह्यूड जर्नल. आयएसएसएन उपलब्ध. तीन दिवसांत प्रकाशन. प्रमाणपत्र मोफत.' खाली फी आणि जीपे नंबर. विषयांची यादी वाणिज्यापासून वनस्पतिशास्त्रापर्यंत, आणि मध्येच कुठेतरी मराठी साहित्य. आपल्या मंडळातल्या दोघातिघांनी विचारलं, 'यात पाठवू का?' म्हणून या अंकात हाच विषय घेतला.

आधी आयएसएसएन, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याचाच आहे. हा नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक. भारतात तो दिल्लीहून मोफत मिळतो. नंबरप्लेटवरून गाडी कोणाची ते कळतं, चालवणाऱ्याला ब्रेक लावता येतो का ते कळत नाही, तसंच हे. दुसरा शिक्का 'यूजीसी मान्यताप्राप्त'. यूजीसीने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी जाहीर केली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावं काढून टाकली. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली, तीही २०२५ मध्ये बंद झाली. तेव्हा आज कोणी 'यूजीसी केअर लिस्टेड' असं छापून पैसे मागत असेल, तर तो बंद पडलेल्या यादीचा हवाला देतोय. नियतकालिक पारखायचं काम आता महाविद्यालयांवर आणि आपल्यावर आलं आहे.

हा बाजार मागणी होती म्हणून उभा राहिला. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढत्या गुणांकांत मोजायला सुरुवात केली. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध देण्यापूर्वी एक तरी निबंध छापून आणणं सक्तीचं केलं. ही दुसरी सक्ती २०२२ मध्ये गेली, सवय मात्र राहिली. आणि यात सापडणारे सगळेच भोळे असतात असंही नाही. कोणीही न वाचता छापणारं नियतकालिक काहींना नेमकं तेवढ्यासाठीच हवं असतं.

फसवणूक कशी चालते ते हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसंस्थेच्या खटल्यात उघड झालं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा लावला आणि मार्च २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने संस्थेला पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. फी आधी लपवायची आणि लेख स्वीकारल्यावर मागायची, तज्ज्ञांनी लेख तपासल्याचं खोटं सांगायचं, संमती न घेता मोठमोठ्यांची नावं संपादक मंडळात घालायची, आणि लेखकाने लेख परत मागितला तरी द्यायचा नाही. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत दुष्ट वाटते. एकच लेख दोन ठिकाणी देणं हा लेखकाचा दोष धरला जातो. त्यामुळे लेख असा अडकला की प्रामाणिक माणसाचीच वर्षभराची मेहनत फुकट जाते.

पैसे घेणं हा मात्र आपोआप गुन्हा ठरत नाही. २०१३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट निबंध फी घेणाऱ्या ३०४ मुक्त नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. पण फी घेणाऱ्याच 'प्लॉस वन'ने तो नीट वाचून परत केला. फरक वाचण्यात होता.

'आपण तर साहित्यवाले, आपल्या चुकीने कोणाचं काय बिघडतं?' असं कोणी म्हणेल. आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. लंडनला मार्सडेन संग्रहात आहे ती देवनागरी हस्तलिखित प्रत. समजा, उद्या कोणी या दोन्हींची गल्लत करून 'पहिली आवृत्ती देवनागरीत छापली' असं लिहिलं. विषय जाणणारा परीक्षक ते वाक्य मिनिटभरात खोडेल. तीन दिवसांत छापणाऱ्याकडे परीक्षकच नसतो. मग पुढचा विद्यार्थी तळटीप देऊन तेच लिहितो, त्याच्या पुढचा त्या दोघांचा आधार देतो. पुस्तकच हातात नाही, तेव्हा उघडून खात्री करणार कशी? अशा ठिकाणी आपण पूर्णपणे आधीच्या अभ्यासकांच्या आणि त्यांना तपासणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर विसंबून असतो. इंग्रजीत एका चुकीच्या लेखाला उत्तर देणारे दहा निघतील. गोव्यातल्या जुन्या मराठीवर लिहिणारे किती?

याच कारणाने परीक्षकाचं कामही आपल्याकडे अवघड होतं. लेखकाचं नाव परीक्षकाला कळू नये आणि परीक्षकाचं लेखकाला, असा संकेत आहे. पण विषयावर काम करणारे चारच जण असले की दुसऱ्या परिच्छेदात 'हे कोणाचं' ते कळतंच. अशा वेळी ओळखलं नाही असं दाखवण्यात अर्थ नाही. परीक्षकाने संपादकाला सरळ सांगावं: लेखक माझा विद्यार्थी आहे, किंवा आमचं पटत नाही, किंवा मी स्वतः याच विषयावर लिहितोय. मग ठेवायचं की बदलायचं हे संपादकाने ठरवावं. न छापलेल्या लेखातला मुद्दा उचलून आधी आपला निबंध पुरा करणं ही तर शुद्ध चोरी.

छापून झालं की जबाबदारी संपते असंही नाही. एमएमआर लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लेख 'लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापला. तो उभा होता अवघ्या १२ मुलांच्या नोंदींवर. तो पूर्णपणे मागे घ्यायला २०१० उजाडलं. दरम्यान ब्रिटनमध्ये लस देण्याचं प्रमाण घसरलं होतं. म्हणून निबंध पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचे जुने अंक उघडून बघा: चूक मान्य करणारी, दुरुस्ती देणारी एखादी तरी नोंद सापडते का? जिथे कधीच काही चुकलेलं नाही तिथे मला शंका येते. संपादक मंडळातल्या एखाद्याला ईमेल करून 'आपण खरंच या मंडळावर आहात का?' असं विचारायलाही हरकत नाही. उत्तर आलं नाही तर घाई करू नका.

आता आपल्या बाजूचं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि प्रबंधात ते ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. त्यामुळे सगळी चर्चा टक्क्यांवरच अडते. पण सॉफ्टवेअर शब्द जुळवून बघतं. इंग्रजी लेखातली अख्खी मांडणी उचलून मराठीत आणली तर एकही शब्द जुळत नाही आणि अहवाल स्वच्छ येतो. आपल्याला दोन भाषा येतात, म्हणून हा मोह खास आपल्या वाट्याचा. इंग्रजीतून एखादं वाक्य घेतलं तर मूळ लेखक, वर्ष, पान द्यावं आणि कंसात 'अनुवाद माझा' असं लिहावं. परिच्छेदभर विचारच दुसऱ्याचा असेल तर शेवटी एकदा नाव टाकून भागत नाही. सुरुवातीलाच 'अमुक यांच्या मांडणीनुसार' म्हणावं, म्हणजे त्यांचं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं ते वाचणाऱ्याला दिसतं.