स्थानिक कलाप्रदर्शन कसे पाहावे?

प्रदर्शन पाहण्यास पैसे थोडे लागतात. परंतु ते नीट पाहण्याची दृष्टी मात्र कमवावी लागते. आपल्या गावचे चित्रकार, चितारी, कुंभार व सुतार एका मंडपाखाली आपापल्या कृती मांडून बसले म्हणजे आपण मुलाबाळांसह तेथे जातो, ‘छान आहे’ म्हणतो, किंमत विचारतो आणि पुढे सरकतो. अशा रीतीने आपण प्रदर्शन पाहिले खरे. पण त्यापासून शिकलो काय? या प्रश्नाचा विचार आपण दक्षिण कोकणातील सावंतवाडी व पिंगुळी या दोन गावांच्या उदाहरणाने करू.

१८८२ साली सावंतवाडीस जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे, हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यापुढे प्रेक्षक तटस्थ होऊन उभे राहतात. त्याच सावंतवाडीच्या चिताऱ्याने रंगविलेली गंजिफा मात्र आपण ‘खेळण्यातले पत्ते’ म्हणून बाजूस सारतो. हा भेद न्याय्य आहे काय?

दशावतारी गंजिफेचा संच म्हणजे १२० वाटोळी पाने होत. विष्णूच्या दहा अवतारांपैकी प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची दहा पाने, अशी बारा बारा पाने असतात. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, तर परशुरामाच्या पानांवर परशू. पूर्वी ही पाने कापडाची करीत. कापडास चिंचोक्याची खळ द्यावयाची, वर खडूचा लेप चढवावयाचा, ते घोटून गुळगुळीत करावयाचे, मग रंगवावयाचे आणि शेवटी लाखेचे रोगण द्यावयाचे. एवढे सारे एका पानासाठी. आणि पाने तर १२०! हे एकदा समजले, म्हणजे त्या लहानशा पेटीकडे पाहण्याची आपली दृष्टी पालटल्यावाचून राहत नाही.

तथापि छापील पत्ते स्वस्त झाले, गंजिफा खेळणारे विरळ झाले, आणि ही विद्या मोजक्या वृद्ध हातांत उरली. अशा वेळी सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली व १९७१ साली लाखकामाची संस्था उभी करून राजवाड्यातच कारागिरांस काम दिले. राजाने शिष्य व्हावे आणि चिताऱ्याने गुरू व्हावे, यात राजाचे राजेपण कमी झाले नाही. कला मात्र वाचली.

परंतु कला वाचविण्यास राजवाडाच हवा असे नाही. कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे लोक रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवीत गाऊन कथा सांगतात. ही चित्रकथी होय. कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही त्यांचाच. त्यांपैकी परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले व तेथे या वस्तू लोकांस पाहावयास मांडल्या. २०२१ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले.

यावरून विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा धडा असा. प्रदर्शनातील प्रत्येक कारागिरास नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत: ‘ही वस्तू कशाची केली? हिला किती दिवस लागले? आणि आपल्यामागे हे काम कोण करील?’ पहिल्या प्रश्नाने ज्ञान वाढेल, दुसऱ्याने श्रमांची किंमत कळेल. तिसऱ्याचे उत्तर पुष्कळदा मौनच मिळेल. पण ते मौनही ऐकावे, कारण त्यातच त्या कलेचे भवितव्य सांगितलेले असते.

पालकांसही एक विनंती आहे. मुलाच्या देखत कारागिराशी दोन रुपयांकरिता घासाघीस करू नये. तसे केल्याने हातांच्या कामास मोल नाही, हा पाठ मूल कायमचा शिकते. त्याऐवजी एखादी लहानशी वस्तू रास्त दाम देऊन घ्यावी, आणि ती कोणी व कशी केली हे घरी मुलाकडूनच वदवून घ्यावे.

कृती करणारा आणि ती जाणणारा अशा दोघांवर कला उभी असते. पहिला होणे सर्वांस साधणार नाही. दुसरे होणे मात्र आपणां सर्वांस शक्य आहे, आणि म्हणूनच ते आपले कर्तव्य आहे.