पीएच. डी.नंतरचे संशोधन : अवकाश आणि पृथ्वीविज्ञानातील संधी

पीएच. डी. मिळाली की शिक्षण संपले, असा समज खेड्यांतच नव्हे, तर महाविद्यालयांतूनही आढळतो. विज्ञानक्षेत्रात मात्र यापुढे आणखी एक टप्पा आहे. मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रबंध सिद्ध करणे वेगळे आणि स्वतः प्रश्न निवडून तो दोन-तीन वर्षांत तडीस नेणे वेगळे. या दुसऱ्या कार्यासाठी संशोधन संस्था अधिछात्रवृत्ती देतात. ती कायम नोकरी नव्हे, हे कुटुंबीयांनी प्रथम समजून घेतले पाहिजे.

अशा संशोधनास किती दूरचे धागे जोडता येतात, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाची मोजमापे घेतली जात होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहाने सूक्ष्म नोंदी बिघडणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये हे कार्य अलिबाग येथे हलविण्यात आले. नोंदींची साखळी तुटू नये म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे चालू ठेवण्यात आली. ही दक्षता विशेष म्हटली पाहिजे. कुलाब्याच्या जुन्या नोंदवह्यांत २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाचीही नोंद होती. भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या दिवशी चुंबकीय बलाचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटला होता, असे त्यातून दिसले. असे वादळ आज आले, तर उपग्रह आणि वीजवाहिन्या दोन्ही धोक्यात येतील. म्हणूनच या विषयास नव्या संशोधकांची गरज आहे.

नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था मूस यांच्या नावाने पीएच. डी.धारकांना अधिछात्रवृत्ती देते. मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था आहे. तेथीलच 'आयुका' संस्थेने २ सप्टेंबर २०२३ रोजी सोडलेल्या आदित्य-एल१ यानासाठी सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण सिद्ध केली. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर सुरू झालेले त्या परिसरातील संशोधन आता कराडच्या प्रयोगशाळेमार्फत खोल छिद्रे घेऊन चालू आहे. अहमदाबादची भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळा ही या क्षेत्रातील जुनी संस्था होय.

निवडीत गुणपत्रिकेपेक्षा संशोधन आराखड्यास अधिक वजन असते. ज्या शास्त्रज्ञाकडे काम करावयाचे, त्याचे निबंध वाचून त्याच्याशी आधी पत्रव्यवहार करणे श्रेयस्कर. प्रबंध सादर केलेल्या उमेदवारांनाही अनेक ठिकाणी अर्ज करता येतो. तोंडी परीक्षेची वाट पाहण्यात वर्ष जाते. मुलींच्या बाबतीत हे वर्ष विशेष महाग पडते, कारण याच वयात घरातून लग्नाचा आग्रह सुरू होतो. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न खराच आहे. त्याचे उत्तर त्या दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या निबंधांवर अवलंबून असते. जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात. अर्जासोबत जोडावयाची शिफारसपत्रे प्राध्यापकांकडून वेळेत मागवून ठेवावीत.