परागकणांतील पहारा

मक्याच्या कांहीं कणसांत फिक्या दाण्यांवर जांभळे ठिपके दिसतात. हे ठिपके कशामुळें उमटतात, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु त्याच्या उत्तरानें आनुवंशिकतेविषयींची आमची कल्पनाच पालटली. अमेरिकेंतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक या विदुषींनीं १९४४ च्या सुमारास या अभ्यासास आरंभ केला. गुणसूत्रांवरील कांहीं घटक एका जागीं स्थिर न राहतां दुसरीकडे उडी घेतात, असें त्यांना आढळलें. असा घटक रंगाच्या जनुकांत शिरला म्हणजे रंग बंद पडतो; वाढत्या दाण्यांतील एखाद्या पेशींतून तो निघून गेला कीं तिच्यापासून झालेल्या पेशींत रंग पुनः प्रकट होतो. उडी लवकर झाली तर ठिपका मोठा, उशिरां झाली तर लहान. या शोधाबद्दल त्यांना १९८३ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें.

दाण्यावरील ठिपका दाण्याबरोबरच नाहींसा होतो. परंतु हीच उडी परागकणांतील शुक्रपेशींत घडली, तर तिचें बरेंवाईट फळ पुढील पिढीस भोगावें लागेल. मक्याच्या आनुवंशिक द्रव्याचा सुमारें ८५ टक्के भाग अशा घटकांचा आहे. त्यांतील बहुतेक निद्रिस्त असतात हें खरें. तथापि त्यांवर पहारा कोण ठेवितो, हें आम्हीं पाहिलें पाहिजे.

याचें उत्तर मोहरीच्या कुळांतील अरेबिडॉप्सिस नांवाच्या इवल्याशा रोपट्यानें दिलें. त्याच्या परागकणांत एक मोठी पेशी व तिच्या पोटांत दोन शुक्रपेशी असतात. मोठी पेशी नलिका वाढवून शुक्रपेशींस बीजांडापर्यंत पोंचविते आणि स्वतः नाश पावते. २००९ मध्यें स्लॉट्‌किन, मार्टिनसेन व त्यांचे सहकारी यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, मोठ्या पेशीच्या केंद्रकांत या घटकांवरील बंधनें सैल होऊन ते जागे होतात. शुक्रपेशींत मात्र ते निद्रिस्तच राहतात. आश्चर्य हें कीं, जाग्या घटकांपासून झालेले आरएनए द्रव्याचे २१ अक्षरी तुकडे शुक्रपेशींत सांपडतात. यावरून त्यांनीं असें अनुमान काढिलें कीं, मोठी पेशी हे तुकडे शुक्रपेशींकडे धाडते, व ते तेथील तशाच घटकांस जखडून ठेवितात.

जिचा वंश पुढें चालावयाचा नाहीं, तिनेंच हा धोका पत्करावा, यांत निसर्गाची मोठी काटकसर आम्हांस दिसते. तिच्यांत जें बिघडतें तें तिच्याबरोबरच संपतें. तिनें दिलेली सूचना मात्र बीजांत उतरते.