एका पाटीतले चार गट

कफ परेडच्या मच्छीमार नगरात एकाच पाटीत बोंबील, मोरी, कोळंबी आणि माकूल दिसू शकतात. बाजारात साऱ्यांना ‘मासळी’ म्हणतात. प्राणिशास्त्र मात्र आधी विचारते, पाठीचा कणा आहे का?

कोळंबीला कणा नाही. अंगावर कवच आणि सांधे असलेले पाय आहेत. म्हणून ती संधिपाद, खेकड्याची नातलग. माकुलालाही कणा नाही. त्याच्या मऊ शरीरात एक पातळ, पारदर्शक पाते असते. ते पूर्वजांच्या शंखाचा अवशेष होय. माकूल मृदुकाय, म्हणजे कालवाचा भाऊबंद!

उरले दोन खरे मासे. बोंबील कितीही लिबलिबीत असला तरी त्याचा सांगाडा हाडांचा असतो. मोरी म्हणजे लहान शार्क. तिचा सांगाडा कूर्चेचा. तिच्या कल्ल्यांवर झाकण नसते, पाच फटी उघड्या दिसतात.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. बोंबलाची मादी हजारो अंडी घालते. मोरी मोजक्याच पिल्लांना जन्म देते. बेसुमार मासेमारी झाली तर शार्कांची संख्या भरून यायला फार काळ लागतो. दोघांना ‘मासळी’ म्हणून एकाच मापाने मोजून चालणार नाही.

घरी मासळी आली, की कापण्यापूर्वी कल्ल्यांपाशी नीट पाहा.