परतणाऱ्या लेकराची जागा
(अभ्यास-पाठ)

वाचक माउलींनो, आजच्या पाठाचा विषय आहे प्राथमिक शाळेतील मुलांची मैत्री. विषय ऐकून एखादा म्हणेल, "यात शिकायचं ते काय? पोरं सकाळी भांडतात आणि दुपारी एक होतात." हे खरे, परंतु सगळ्याच पोरांचे असे होत नाही. काही पोरे एक होण्याच्या आतच गाव सोडून जातात. ती परत येतात तेव्हा खेळ त्यांच्यावाचून रंगलेला असतो आणि बाकावरची त्यांची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. अशा लेकरांचा विचार आज करावयाचा आहे.

दसरा सरला की बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील कित्येक गावांत निघण्याची घाई सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचेच नाव मिळाले, यावरून त्या कष्टाची कल्पना यावी. कार्तिकीच्या सुमारास यांतील पुष्कळ गावे ओस दिसतात. ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी, पीठमीठ, अंथरुणे, आणि त्या बोचक्यांवर लेकरे. टोळी निघते ती पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याकडे. गाळपाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे जूनला भरलेल्या शाळेचे निम्म्याहून अधिक वर्ष या लेकरांच्या वाट्याला येतच नाही.

कारखान्याजवळ कोप्या पडतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, बैल असतील तर त्यांना वाढे टाकते. जवळच्या शाळेत नाव घातलेच तर तिथे बोली वेगळी, मुले अनोळखी. सीमेपलीकडे गेले तर फळ्यावरची अक्षरेही कानडी. पाडव्याच्या मागेपुढे मूल गावी परतते आणि आपल्याच शाळेत पाहुणे होऊन बसते.

येथे पहिली शंका अशी येईल की, "मुलांचा अभ्यास बुडतो ही मोठी हानी खरी, मैत्रीची एवढी काय मातब्बरी? मित्र काय, आज ना उद्या होतील."

याचे समाधान असे. सात वर्षांचे मूल शाळेत कशासाठी जाते, हे आपण नीट पाहावे. त्याला पहाडे आवडतात म्हणून ते सकाळी उठत नाही. दारात येऊन कोणीतरी "चल रे, घंटा झाली" अशी हाक मारते, म्हणून ते दप्तर उचलते. ज्याला हाक मारणारे कोणी नाही, ते उंबऱ्यावर रेंगाळते. एक दिवस पोट दुखते, दुसऱ्या दिवशी डोके दुखते, आणि मग घरचेही म्हणतात, "राहू दे, नाहीतरी दिवाळीला जायचंच आहे." वर्गातही तसेच. चुकलो तर सगळे हसतील अशी धास्ती ज्याला आहे, ते मूल गुरुजींना शंका विचारीत नाही. आणि जे विचारीत नाही त्याचा मागचा अभ्यास भरून निघत नाही. तेव्हा सोबत तुटली की अभ्यासाचाही आधार जातो. दोन्ही हानी एकाच घरच्या आहेत.

दुसरी शंका: "मैत्री का जबरदस्तीने करता येते? मुलाला सांगून का ते दुसऱ्याचा मित्र होणार आहे?"

नाही होणार. मैत्री सांगून होत नाही हे कबूल आहे. परंतु मैत्री जिथे उगवते ती जागा मात्र देता येते. पंगतीत शेजारी पान मांडणे, खेळात गडी म्हणून घेणे, झाडांना पाणी घालायला दोघांना मिळून पाठवणे, एवढे मोठ्यांच्या हाती आहे. पुढचे लेकरांचे लेकरे पाहतात.

आपल्या मुलांनी तर ही युक्ती आपली आपणच फार पूर्वी काढली आहे. सूरपारंबी, लंगडी किंवा लगोरी चालली असता एखादे लहानगे "मला पण घ्या" म्हणून रडू लागले, तर मोठी मुले त्याला 'कच्चा लिंबू' करतात. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही. पण तो पळतो, ओरडतो, हसतो, आणि खेळात असतो. चार दिवसांनी खेळ अंगवळणी पडला की तोच म्हणतो, "आता मी पक्का." परतून आलेल्या मुलाला वर्गात आधी कच्चा लिंबू व्हायला मिळावे आणि पुढे पक्का गडी व्हायला मिळावे, एवढीच या पाठाची मागणी आहे.

दिंडीत चालणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पायात काटा मोडला म्हणून एखादा टाळकरी बाजूला बसतो. काटा काढून तो धावत येतो, तेव्हा रांगेतले दोघे जण अंग चोरून त्याला आत घेतात. "कुठे होतास इतका वेळ?" असे कोणी दरडावीत नाही. त्याची जागा मोडलेलीच नसते. वाटेवर आपण जे सहज करतो, ते गावच्या शाळेत का होऊ नये?

या कामाला कायद्याचेही पाठबळ आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्याने शिक्षणाचा हक्क दिला. वयाला साजेशा वर्गात बसण्याचा हक्क दिला, म्हणजे मागे पडले म्हणून नऊ वर्षांच्या पोराला पहिलीत बसवून त्याला हसे करावयाचे नाही. याच कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी घातली आहे. मुलाला सर्वांसमोर "ऊसतोड्या" म्हणणे हाही मनाला दिलेला मारच होय, मग तो पोरांनी दिलेला असो की मोठ्यांनी. शिवाय या कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असतात. तेव्हा गावातील आई-आजींनी "आमचं कोण ऐकतं?" असे म्हणून गप्प बसण्याचे कारण उरले नाही.

आता आचरणाचा भाग पाहू.

शिक्षकांनी काय करावे? मूल गावाला निघाले की परिपाठाच्या वेळी सर्वांदेखत त्याला निरोप द्यावा आणि ते कधी येणार तेही सांगावे. वर्गाने महिन्यातून एखादे पत्र पाठवावे, किंवा गुरुजींच्या फोनवरून मुलांना मुलांशी बोलू द्यावे. बोलणे मोठे नको. शाळेतल्या मांजरीला किती पिल्ले झाली, एवढे कळले तरी त्या कोपीतल्या लेकराला आपली शाळा चालू आहे आणि आपण तिचे आहोत, असे वाटते. ते परतले की एक समजूतदार सोबती त्याला नेमून द्यावा. बाकावरील जोड्या अधूनमधून बदलाव्यात. खेळाचे गडी दोन कप्तानांनी निवडू नयेत. एक-दोन, एक-दोन असे मोजून पाडावेत, म्हणजे सर्वांत शेवटी उरण्याची लाज कोणाच्याच वाट्याला येत नाही. आणि त्या मुलाने बाहेर जे पाहिले ते वर्गाला सांगू द्यावे. उसाची मोळी कशी बांधतात, कारखान्याचा भोंगा कसा वाजतो, कानडीत पाण्याला काय म्हणतात, हे वर्गात त्यालाच ठाऊक असते. ज्याला आपण मागे पडला म्हणतो, त्याच्यापाशीही चार गोष्टी शिकण्यासारख्या निघतात.

घरी काय करावे? काही गावांत हंगामी वसतिगृहे चालतात आणि आईबाप फडावर गेले तरी मूल गावी राहून शिकते. हे चांगलेच आहे. पण पोट भरले म्हणजे मनही भरले असे नव्हे. अशा वेळी आजीची खरी गरज लागते. संध्याकाळी "किती मार्क पडले?" हे विचारण्याआधी "आज कोणासंगं खेळलास?" असे विचारावे. "कोणासंगं नाय" हे उत्तर रोज येऊ लागले, डबा तसाच परत येऊ लागला, पूर्वी कोरडे निजणारे मूल अंथरूण ओले करू लागले, शाळेच्या वेळीच दुखणी निघू लागली, तर त्यावर ओरडू नये. जवळ घ्यावे, ऐकून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शाळेत जावे.

येथे तिसरी शंका: "पोरांच्या भांडणात मोठ्यांनी पडावं का?"

भांडण आणि छळ यांत भेद करावा. दोघे बरोबरीचे असतात, आज कट्टी आणि उद्या बट्टी होते, दोघेही रडतात. ते भांडण होय. त्यात लांबून लक्ष ठेवावे, इतकेच. परंतु एक बलवान आणि एक दुबळा, किंवा दहा एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, आणि तेच ते रोज चालले आहे, असे दिसले तर तो छळ होय. तिथे मोठ्यांनी पडलेच पाहिजे. त्रास देणाऱ्यालाही बाजूला घेऊन त्याचे ऐकावे. तो कुठून शिकला हे बहुधा त्यातूनच कळते. मुलाच्या अंगावर किंवा जिवावर बेतणारे काही असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे. तो रात्रंदिवस चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

"एवढं सगळं आमच्या गावात कुठून व्हायला?" असे कोणाला वाटेल, तर त्याने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम आठवावे. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले. गरिबांची लेकरे बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. मुलाला शाळेची वेळ पाळता येईना, म्हणून त्यांनी मुलाला दोष दिला नाही. शाळेने आपली जागा हलवली. आपल्याला तर शाळा हलवायचीही नाही. बाकावरची वीतभर जागा तेवढी राखायची आहे.

तात्पर्य, मूल गावी नसताना त्याचे नाव वर्गात निघत राहिले पाहिजे, आणि ते आले म्हणजे त्याला कोणीतरी "ये, इथं बस" म्हटले पाहिजे.

मननासाठी प्रश्न:

१. आपल्या गावच्या शाळेतून या हंगामात किती मुले बाहेर गेली? त्यांतील दोघांची तरी नावे आपल्याला सांगता येतील काय?

२. आपल्या घरच्या मुलाने या आठवड्यात कोणाला खेळात घेतले आणि कोणाला घेतले नाही? त्याला रागावता हे विचारून पाहता येईल काय? म्हणजे न रागावता, सहज, जेवताना.

३. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत परतणाऱ्या मुलांचा विषय कोण मांडील?

या तीन प्रश्नांची उत्तरे घरी एकत्र बसून द्यावीत. तिसऱ्याचे उत्तर मात्र नावानिशी द्यावे.