‘माझी इथे यायची लायकीच नव्हती’

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातून मी पुण्यात इंजिनिअरिंगला आले. शाळेत कायम पहिली. इथे पहिल्याच चाचणीत गणितात ३० पैकी ९ गुण. झोप उडालीय. चुकून इथे आले का?

उत्तर : प्रवेश तुला सीईटीच्या गुणांवर मिळाला, कुणाच्या मेहेरबानीने नाही. यश मिळवूनही ‘आपण तोतये आहोत’ असं वाटणं पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये नोंदवलं, तेही कर्तबगार स्त्रियांमध्ये! शिवाय तुझ्या वर्गातले बरेच जण आपापल्या शाळेतले पहिलेच असणार. तेही आत्ता धास्तावलेले आहेत, फक्त बोलत नाहीत.

तपासलेला पेपर घेऊन सरांकडे जा. गाडी संकल्पनेत अडली, वेळेत की इंग्रजीत, हे आधी कळू दे. नुसतं ‘जास्त अभ्यास कर’ हा सल्ला मला कुचकामी वाटतो. रात्रभर जागून पाठांतर तर नकोच. शिकलेलं पक्कं व्हायला झोप लागते. घरी खरे गुण सांग.

झोप दोन आठवडे अशीच राहिली, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर थांबू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.